परदेशी शाळेतील शिक्षकाची नोकरी

डिसेंबर उजाडला, सहामाहीचे पेपर तपासून झाले, की शिक्षकांच्या खोलीत एखादी जाहिरात हातोहात फिरू लागते. आखातातील कोण्या शाळेला गणित, भौतिकशास्त्र, इंग्रजी या विषयांचे शिक्षक हवे असतात. मुलाखती मुंबईस किंवा हैदराबादेस व्हावयाच्या असतात. पगाराचा आकडा दिरहमात किंवा रियालात दिलेला असतो. कोणीतरी कागदाच्या कडेला गुणाकार करतो, आलेली रक्कम रुपयांत मोठ्याने वाचतो, आणि क्षणभर खोलीत शांतता पसरते. त्या शांततेत प्रत्येकजण आपापल्या घरचा विचार करीत असतो. कोणाच्या डोक्यावर घराचे कर्ज, कोणाची मुलगी बारावीला, कोणाची म्हातारी आई एकटी.

तो गुणाकार चुकीचा नसतो, पण अपुरा असतो. त्या आकड्यात घरभाडे धरले आहे की नाही, त्यातला मूळ पगार किती, नोकरी किती वर्षांची, आणि ती मिळविण्यासाठी इकडची कोणती गोष्ट कायमची सोडावी लागणार, हे जाहिरात सांगत नाही. परदेशी जाऊन सुखाने शिकविणारे शिक्षक पुष्कळ आहेत. पण तेथून सहा महिन्यांत परत आलेले आणि इकडची कायम जागाही गमावून बसलेलेही काही आहेत. या दोघांत बुद्धीचा किंवा शिकविण्याच्या हातोटीचा फरक क्वचितच असतो. बहुधा फरक असतो तो कोणता कागद आधी हाती घेतला आणि कोणता नंतर, एवढाच.

शिक्षकाने समुद्र ओलांडणे ही काही आजची गोष्ट नव्हे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गोव्याची माणसे पूर्व आफ्रिकेत कारकुनीला गेली तशीच शिक्षकीलाही गेली, नैरोबीतील डॉ. रिबेरो गोवन स्कूल ही त्याच वसाहतीची शाळा. सम्राट हाइले सेलासी यांच्या कारकिर्दीत इथिओपियाच्या शाळांत भारतीय शिक्षक, त्यांतही केरळातील, फार मोठ्या संख्येने गेले. तेलाच्या भरभराटीत १९७६ साली नायजेरियाने सार्वत्रिक प्राथमिक शिक्षणाची योजना हाती घेतली, तेव्हा आपली मंडळी तिकडेही पोहोचली. पुढे तेलाचे भाव उतरले आणि १९८६ मध्ये तेथील नायरा या चलनाची किंमत कोसळली. पगाराच्या पावतीवरचा आकडा तोच राहिला, पण घरी पाठवावयाची रक्कम वितळून गेली. परकीय चलनातील पगार हा दोन देशांच्या तिजोऱ्यांवर अवलंबून असतो, हे त्या पिढीने स्वतःच्या खिशातून शिकून घेतले.

ज्यांना आज आंतरराष्ट्रीय शाळा म्हणतात त्यांचा उगम मात्र निराळा आहे. पहिल्या महायुद्धानंतर जिनीव्हा येथे राष्ट्रसंघाची व आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची कचेरी उघडली. नाना देशांचे अधिकारी तेथे राहावयास आले. त्यांच्या मुलांना कोणत्या देशाचा अभ्यासक्रम शिकवावा हा प्रश्न पडला, आणि १९२४ मध्ये तेथे एक आंतरराष्ट्रीय शाळा निघाली. त्याच जिनीव्हात १९६८ मध्ये इंटरनॅशनल बॅकलॉरिएट ही संस्था स्थापन झाली. बाप कोणत्याही देशात बदलून गेला तरी मुलाची परीक्षा तीच राहावी आणि ती कोणत्याही विद्यापीठाने मानावी, ही त्यामागची सोय. केंब्रिजच्या परदेशी परीक्षा तर त्याहून शंभर वर्षे जुन्या. मुळात मूठभर अधिकाऱ्यांच्या मुलांसाठी असलेल्या या शाळांत पुढे त्या त्या देशांतील सधन लोकही आपली मुले घालू लागले, म्हणून त्यांची संख्या वाढली आणि शिक्षकांची मागणीही वाढली.

भारतीय शिक्षकाच्या दृष्टीने परदेशी शाळांचे ढोबळ मानाने तीन वर्ग पडतात. पहिला वर्ग भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळांचा. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाशी संलग्न शाळा वीसहून अधिक देशांत आहेत व त्यांतील बहुतेक आखातात आहेत. दुबईचे इंडियन हायस्कूल १९६१ सालचे. येथे आपल्या पदव्यांना मान आहे आणि पाठ्यपुस्तके ओळखीची आहेत, पण पगार तिन्हींत कमी. दुसरा वर्ग केंब्रिज किंवा इंटरनॅशनल बॅकलॉरिएटचा अभ्यासक्रम चालविणाऱ्या मध्यम फीच्या शाळांचा. तिसरा वर्ग जुन्या, श्रीमंत, नामांकित शाळांचा. तेथे बहुतेक शिक्षक ब्रिटन, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया येथून आणले जातात. काही जाहिरातींत 'मातृभाषा इंग्रजी असलेले' अशी अट स्पष्टच घातलेली असते, आणि काही ठिकाणी एकाच वर्गाला शिकविणाऱ्या दोघांचे पगार त्यांच्या पासपोर्टावरून ठरतात. ही गोष्ट अन्यायाची आहे. पण ती ठाऊक नसल्याने अर्ज करणाऱ्याचे वर्ष वाया जाते, म्हणून सांगितलेली बरी. इंग्रजीच्या शिक्षकाला ही भिंत सर्वांत उंच लागते. गणित, भौतिक, रसायन आणि संगणक या विषयांच्या शिक्षकांना ती पुष्कळ ठेंगणी आहे, कारण ते शिक्षक ब्रिटनलाही पुरत नाहीत. इंग्लंडने फेब्रुवारी २०२३ पासून भारतासह आणखी काही देशांतील शिक्षकांना तेथील पात्र शिक्षकाचा दर्जा मिळविण्यासाठी थेट अर्ज करण्याची वाट खुली केली, तीही भारतीयांसाठी गणित, विज्ञान व भाषा एवढ्याच विषयांपुरती. हा दर्जा हाती असला, की अन्य देशांतील ब्रिटिश पद्धतीच्या शाळांचीही दारे किलकिली होतात.

दुसऱ्या वर्गातील शाळांत शिरण्याची खरी शिडी मात्र परदेशात नाही, ती आपल्याच देशात आहे. या शाळा साधारणतः त्याच अभ्यासक्रमाचा दोन वर्षांचा अनुभव मागतात. भारतात आज इंटरनॅशनल बॅकलॉरिएटच्या दोनशेहून अधिक शाळा आहेत. मुंबई, पुणे, हैदराबाद येथे तर त्या बऱ्याच आहेत. तेथे दोन वर्षे काढलेल्या शिक्षकाचा अर्ज वाचला जातो. वीस वर्षे उत्तम शिकविलेल्या, पण त्या अभ्यासक्रमाशी परिचय नसलेल्या शिक्षकाचा अर्ज पुष्कळदा वाचलाही जात नाही. तेथील पाठटाचणही वेगळे असते. आपल्याकडे टाचणात शिक्षक काय सांगणार हे लिहिलेले असते; तिकडे मुले काय शोधणार आणि ते त्यांना कळले हे कशावरून ओळखावयाचे, हे आधी लिहावे लागते. मुलाखतीत पडद्यावरून पाठ घ्यावयास सांगतात, तेव्हा आपले उत्तम शिक्षक बहुधा याच जागी अडखळतात. फळ्यावर सुंदर उदाहरण सोडवून दाखवितात, आणि पाहणारा विचारतो, 'यात मुलांनी काय केले?'

आता एक उदाहरण घेऊ. समजा, बेळगावात एका अनुदानित माध्यमिक शाळेत गणित शिकविणारे एक शिक्षक आहेत. वय बेचाळीस, सेवा सोळा वर्षांची, जागा कायम. पत्नी एका खासगी प्राथमिक शाळेत शिकविते. मुलगा सातवीत आहे. शिक्षकांची आई घरात आहे, आणि तिची प्रकृती नरम-गरम असते. अशा घरावर जाहिरातीतला तो आकडा येऊन पडला, तर त्याने कोणत्या क्रमाने पावले टाकावीत?

पहिली गोष्ट हंगामाची. आखातातील भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळांचे वर्ष आपल्यासारखेच एप्रिलात सुरू होते, म्हणून त्यांच्या मुलाखती हिवाळ्यात होतात. अन्य आंतरराष्ट्रीय शाळांचे वर्ष ऑगस्ट-सप्टेंबरात सुरू होते, आणि त्यांची शिक्षकभरती त्याआधीच्या ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत जोरात असते. बँकॉक, लंडन अशा शहरांत त्यासाठी मेळे भरतात. शिक्षकांना शाळांशी जोडून देणाऱ्या संस्था हे मेळे भरवितात. १९५५ मध्ये निघालेली अमेरिकेतील इंटरनॅशनल स्कूल्स सर्व्हिसेस ही त्यांतील एक जुनी संस्था. मे महिन्यात जागा शोधावयास निघालेल्याला उरलेल्या जागा मिळतात, आणि जागा मे महिन्यापर्यंत का उरली हेही विचारावयास हवे.

अर्ज म्हणजे आपल्याकडची वैयक्तिक माहितीची यादी नव्हे. वडिलांचे नाव, धर्म, जात, वैवाहिक स्थिती यांना तेथे जागा नाही. जागा आहे ती कोणत्या इयत्तेला काय शिकविले, मुले कोठून कोठे पोहोचली, शाळेत आणखी काय उभारले, यांना. नोकरीत मध्ये एक वर्ष मोकळे गेले असेल, तर त्याचा खुलासा अर्जातच करावा लागतो. याला एक कारण आहे. अनेक देशांतील शाळांतून वर्षानुवर्षे शिकवीत हिंडलेल्या एका शिक्षकाने मुलांवर अत्याचार केल्याचे २०१४ मध्ये उघडकीस आले. शाळा बदलताना कोणीच मागची चौकशी नीट केली नव्हती. त्याच वर्षी या शाळांच्या संघटनांनी एकत्र येऊन बालसंरक्षणासाठी एक कृतिदल नेमले. तेव्हापासून चांगली शाळा उमेदवाराच्या प्रत्येक मुख्याध्यापकाला स्वतः विचारते आणि पोलिसांचा दाखला मागते. आपल्याकडे तो पासपोर्ट कार्यालयामार्फत मिळतो. ज्या शाळेने यांपैकी काहीही न विचारता दोन दिवसांत नेमणुकीचे पत्र धाडले, तिच्याविषयी आनंद मानण्याऐवजी सावध व्हावे.

येथे आपल्या शिक्षकांची मोठी पंचाईत होते. 'ज्यांस संबंध असेल त्यांस' असे लिहिलेली, लखोट्यातली शिफारसपत्रे तिकडे कोणी हाती धरीत नाही. शाळा मुख्याध्यापकांना थेट लिहिते. म्हणजे आपण जागा शोधीत आहोत हे मुख्याध्यापकांना आधीच सांगावे लागते. काही मुख्याध्यापक मनापासून लिहितात, काहींना राग येतो, आणि बहुतेकांच्या हातून उत्तर पाठविणे राहून जाते. उत्तर न आलेला अर्ज नामंजूर अर्जासारखाच. तेव्हा सहामाहीआधीच त्यांच्याशी मोकळेपणाने बोलून, अमुक दिवसांत असे पत्र येईल हे सांगून ठेवणे श्रेयस्कर.

यानंतर येते कागदपत्रांच्या प्रमाणनाचे काम. जाणाऱ्यांपैकी बहुतेकजण हे काम सर्वांत शेवटी काढतात. खरे म्हणजे ते सर्वांत आधी काढावयाचे असते. पदवी खरी आहे हे परक्या सरकारला पटविण्याची एक साखळी आहे. आधी विद्यापीठाने पडताळणी करावयाची. मग साधारणतः ज्या राज्यात पदवी मिळाली त्या राज्य सरकारच्या खात्याचा शिक्का, मग केंद्राच्या परराष्ट्र व्यवहार मंत्रालयाचा शिक्का. भारत २००५ पासून हेगच्या अपोस्टील करारात सामील आहे, म्हणून त्या करारातील देशांना मंत्रालयाचा हा एक शिक्का पुरतो. ओमान, बहरीन हे देश त्यात आहेत; सौदी अरेबिया २०२२ पासून आहे. संयुक्त अरब अमिराती मात्र त्यात नाही. तेथे जावयाचे तर मंत्रालयानंतर त्या देशाच्या वकिलातीचा शिक्का लागतो, आणि शेवटी त्यांच्या परराष्ट्र खात्याचा.

आपल्या उदाहरणातील शिक्षकांची पदवी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाची आहे आणि बी. एड. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाचे आहे. २०१० मध्ये राणी चन्नम्मा विद्यापीठ निघेपर्यंत बेळगावची महाविद्यालये धारवाडलाच जोडलेली होती, म्हणून सीमाभागात अशी जोडी घरोघर आढळते. परिणाम असा की, एकाच माणसाचा एक कागद कोल्हापूरहून मुंबईस जातो, दुसरा धारवाडहून बंगळूरास जातो, आणि दोघांची गाठ परराष्ट्र व्यवहार मंत्रालयाच्या शिक्क्यापाशी पडते. इंदुराहून हैदराबादेस किंवा ग्वाल्हेरीहून बडोद्यास येऊन स्थायिक झालेल्यांचीही हीच गत. यास किती आठवडे लागतील याचा भरवसा कोणीही देऊ शकत नाही. पदवी बहिःस्थ पद्धतीने घेतलेली असेल, तर अनेक देशांत ती मान्य होण्यास अडचण येते; हे शाळेला प्रारंभीच लिहून विचारलेले बरे.

नावाचा घोटाळा तर आपल्याकडचा खासच. महाराष्ट्राच्या मंडळाच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचे नाव; पासपोर्टावर आडनाव निराळ्या रकान्यात. गोव्याकडील एकाच घराच्या आडनावाचे शेवटचे इंग्रजी अक्षर शाळेच्या दाखल्यावर एक आणि पासपोर्टावर दुसरे. स्त्रियांचे तर विचारावयासच नको. या शिक्षकांच्या पत्नीची पदवी माहेरच्या नावाने आहे, पासपोर्ट सासरच्या नावाने आहे, आणि दोन्ही नावे जोडणारा एकच कागद म्हणजे विवाहनोंदणीचा दाखला. लग्न थाटात झाले, पण नोंदणी राहून गेली, अशी घरे पुष्कळ. कुटुंबाचा व्हिसा मागतानाही हाच दाखला आणि मुलाचा जन्मदाखला प्रमाणित करून लागतो. म्हणून नोकरी मिळो वा न मिळो, एवढी नावे एका रविवारी टेबलावर मांडून ताडून पाहावीत.

प्रत्येक देशाचा आणखी एक स्वतःचा उंबरठा असतो. तेथील शिक्षणखात्याची मान्यता, शिक्षकाचा परवाना किंवा परीक्षा यांपैकी काहीतरी लागतेच. थायलंडात हे काम जी परिषद पाहते तिचे नाव 'खुरुसपा'. कानाला परके वाटणारे हे नाव म्हणजे आपली 'गुरुसभा'च होय! मात्र नाव आपले म्हणून नियम आपले होत नाहीत. कोणत्याही देशात पर्यटकाच्या व्हिसावर बोलावून 'पुढचे इथे आल्यावर पाहू' असे सांगणाऱ्या शाळेकडे जाऊ नये. ते काम बेकायदा ठरते, आणि दंड किंवा हद्दपारी शिक्षकाच्या वाट्याला येते.

मध्यस्थांविषयी दोन शब्द. परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या दलालाला १९८३च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी घ्यावी लागते, आणि त्या कायद्याच्या नियमांनुसार उमेदवाराकडून घ्यावयाच्या सेवाशुल्काची मर्यादा ३०,००० रुपये व त्यावरील कर एवढी घातलेली आहे. दहावी उत्तीर्ण झालेल्याला उत्प्रवासाची वेगळी परवानगी लागत नाही, म्हणून शिक्षकांना हा कायदा आपल्यासाठी नाही असे वाटते. परंतु दलालावरील बंधन शिक्षकाच्या बाबतीतही सुटत नाही. अमिरातीच्या २०२१च्या कामगार कायद्यात तर भरतीचा खर्च नोकरावर लादण्यास मनाईच आहे. तेव्हा व्हिसासाठी म्हणून लाख-दीड लाख मागणारा माणूस एकतर खोटा असतो किंवा नियम मोडीत असतो. शाळेचे नाव संबंधित परीक्षामंडळाच्या यादीत आहे की नाही, आणि त्या यादीतील पत्त्यावर स्वतः पत्र धाडल्यास तेच उत्तर येते की नाही, एवढी चाचणी घेतली तरी बहुतेक बनावट नेमणुका उघड्या पडतात.

अखेर करार हाती येतो. तो साधारणतः दोन वर्षांचा असतो. आपल्याकडील कायम नेमणुकीची सवय झालेला शिक्षक पगाराची ओळ वाचतो आणि सही करतो. पण करारात पगाराइतकीच महत्त्वाची ओळ मूळ पगाराची असते. अमिरातीत किमान एक वर्ष सेवा झाल्यावर नोकरी सुटताना उपदान मिळते, ते पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षामागे एकवीस दिवसांच्या मूळ पगाराइतके. समजा, दोन शाळा दरमहा ६,००० दिरहम देतात. पहिलीत मूळ पगार ३,००० व बाकी भत्ते. दुसरीत मूळ पगार ४,५०० व बाकी भत्ते. पहिलीत एका दिवसाचा मूळ पगार १०० दिरहम, म्हणून पाच वर्षांचे उपदान १०,५०० दिरहम. दुसरीत दिवसाला १५०, म्हणून १५,७५० दिरहम. महिन्याची रक्कम दोन्हीकडे सारखीच दिसते. पाच वर्षांनी फरक ५,२५० दिरहमांचा पडतो.

त्याच कायद्याप्रमाणे परीक्षाकाळ सहा महिन्यांहून अधिक ठेवता येत नाही, पण त्या काळात चौदा दिवसांच्या लेखी सूचनेने शाळा नोकरी संपवू शकते. सोळा वर्षांची कायम सेवा एका पारड्यात आणि चौदा दिवसांची सूचना दुसऱ्यात, हे चित्र सही करण्यापूर्वी एकदा डोळ्यांपुढे आणावे. कराराचे पैसे बारा महिन्यांचे की दहा महिन्यांचे, उन्हाळ्याच्या सुटीचा पगार पहिल्या व शेवटच्या वर्षी मिळणार की नाही, विमानाचे तिकीट दरवर्षी की केवळ येताना-जाताना, घर शाळा देणार की भत्ता, हे सारे लेखी हवे. भत्ता असेल तर दुबईत घरमालक वर्षभराच्या भाड्याचे पुढील तारखांचे धनादेश एकदम मागतात हेही लक्षात ठेवावे. पहिला पगार हाती येण्यापूर्वी मोठी रक्कम जवळ लागते. पासपोर्ट शाळेने ठेवून घेणे तेथील कायद्याला मंजूर नाही. पदव्यांच्या मूळ प्रतीही दाखवाव्यात आणि परत घ्याव्यात.

चलनाकडेही पाहावे. दिरहम १९९७ पासून अमेरिकन डॉलरशी एका ठराविक दराने बांधलेला आहे, सौदी रियालही तसाच. म्हणून तेथील पगाराची किंमत एकाएकी कोसळत नाही. इजिप्तमध्ये मात्र २०२२च्या आरंभी एका डॉलरला सुमारे १६ पौंड पडत, मार्च २०२४ नंतर ४५हून अधिक पडू लागले. ज्यांचा करार पौंडांत होता त्यांच्या घरी पाठवावयाच्या रकमेची नायजेरियासारखीच गत झाली. ज्यांचा डॉलरांत होता ते वाचले. करार कोणत्या चलनात आहे ही एक ओळ तेवढ्याने मोलाची ठरली.

प्राप्तिकराची बाब त्यामानाने सोपी आहे. नोकरीसाठी देश सोडणारा भारतीय नागरिक त्या आर्थिक वर्षात १८२ दिवसांहून कमी काळ भारतात राहिला, तर सामान्यतः अनिवासी धरला जातो आणि तिकडचा पगार येथे करपात्र होत नाही. ऑगस्टात निघणाऱ्याला ही अट आपोआप साधते. बँकेतील नेहमीचे बचत खाते मात्र अनिवासी खात्यात बदलून घ्यावे लागते.

आता त्या घराकडे वळू. अमिरातीत पत्नी व मुलाला जवळ नेण्यासाठी दरमहा ४,००० दिरहम, किंवा ३,००० दिरहम व राहण्याची सोय, एवढ्या पगाराची अट आहे. आई-वडिलांना नेण्याची अट त्याहून पुष्कळ वरची आहे. म्हणजे आईचे काय, हा प्रश्न सर्वांत आधी सोडवावा लागतो, आणि तो कोणत्याही करारात सुटत नाही. पत्नीला तिकडेच नोकरी मिळाली तर ती बहुधा 'स्थानिक नेमणूक' धरतात. काम तेच, पण घर, तिकीट हे लाभ नाहीत. दोघांनाही बाहेरून नेमले असे पत्र मिळणार असेल, तर ते भारत सोडण्यापूर्वीच मिळवावे लागते. तिकडे पोहोचल्यावर ही गोष्ट मागता येत नाही.

मुलाची फी शाळा माफ करते की अर्धी घेते, हे सारेच विचारतात. पुढचे कमीजण विचारतात. हा मुलगा आज सातवीत आहे; पाच-सहा वर्षांनी तो वैद्यकीस किंवा अभियांत्रिकीस परत येईल. राज्यांच्या वाट्याच्या जागांना रहिवासाच्या आणि त्याच राज्यात दहावी-बारावी झाल्याच्या अटी असतात. सीमाभागातील घरांना दोन राज्यांच्या अटींमध्ये उभे राहण्याचा अनुभव आहेच. परदेशवासाने त्यात तिसरी भर पडते. मुलाची आठवी ते बारावी कोठे होणार हे आधी ठरवून मग कराराची वर्षे मोजावीत. मराठीचे काय, असेही कोणी विचारील. शाळेच्या वेळापत्रकात तिला बहुधा जागा नसते. दुबई, मस्कत, बहरीन येथे महाराष्ट्र मंडळे आहेत आणि गणपती-दिवाळीला तेथे गर्दीही होते, पण मुलाला मराठी वाचता येणे हे घरातल्या संध्याकाळवरच अवलंबून राहते.

राहिला राजीनामा. सर्वसाधारण सेवानियमांत राजीनाम्याने मागील सेवा निवृत्तिवेतनाच्या हिशेबातून जाते. भविष्यनिर्वाह निधी हाती येतो, पण सोळा वर्षे परत येत नाहीत, आणि बेचाळिसाव्या वर्षी अनुदानित शाळेत पुन्हा कायम जागा मिळणे जवळजवळ अशक्यच. म्हणून आधी बिनपगारी रजेचा अर्ज करून पाहावा. व्यवस्थापन ती मंजूर करीलच असे नाही, पण न मागता तर ती मिळणारच नाही. रजा नाकारली गेली, तर राजीनामा हा या साऱ्या मालिकेतील शेवटचा कागद ठेवावा. पदव्या प्रमाणित होऊन आल्या, करारावर दोन्ही बाजूंच्या सह्या झाल्या, नोकरीचा व्हिसा हाती पडला, आणि मगच राजीनामा. शाळेने 'उद्यापर्यंत राजीनाम्याची प्रत पाठवा' असा तगादा लावला, तर येथील सूचनेची मुदत किती आहे ते नम्रपणे कळवावे. खरोखर शिक्षक हवा असलेली शाळा तेवढे दिवस थांबते.

निघताना सर्व कागदांच्या प्रमाणित प्रतींचा एक संच मागे राहणाऱ्या भावाजवळ किंवा मित्राजवळ ठेवावा, आणि त्याच्या नावे विद्यापीठात कामे करण्याचे अधिकारपत्रही देऊन जावे. तिकडे गेल्यावर एखादी गुणपत्रिका पुन्हा मागविण्याची वेळ आली, तर धारवाडच्या खिडकीपाशी रांगेत उभे राहावयास कोणीतरी लागतेच.